रविवारच्या प्रार्थनेत कोपीवरचा बैल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत चर्चच्या आजच्या अवस्थेवर जो लेख आला, तो आमच्या घरी तीनदा वाचला गेला. एकदा मी वाचला, एकदा जावेने चष्मा लावून मोठ्याने वाचला, आणि तिसऱ्यांदा आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, कमिटीतले एक पंच ती पुरवणी गुंडाळून हातात घेऊन आले आणि त्यांनी तो मला वाचून दाखवला. लेखकाचं म्हणणं थोडक्यात असं, की दवाखाने, शाळा, वसतिगृहं हा सगळा पसारा आता सरकार आणि संस्था बघतात. तेव्हा चर्चने आपल्या मूळ कामाकडे, म्हणजे प्रार्थना, उपासना आणि अध्यात्म याकडे परत यावं. सेवेच्या नादात चर्चचा आत्मा हरवला, असं त्यांना वाटतं. पंचांना हे फार पटलं. त्याला कारण आहे. त्यांना देवळासाठी नवी साउंड सिस्टिम घ्यायची आहे, आणि मला त्याच पैशांतून दर शनिवारी एक रिक्षा हवी आहे. रिक्षाचं पुढे सांगते.

(आमच्याकडे चर्चला देऊळ म्हणतात. नगरच्या जुन्या ख्रिस्ती घरांत हा शब्द अजून आहे. पुण्याची सून हसते, पण आता तीही म्हणते.)

मी निवृत्त स्टाफ नर्स आहे, वय ७१. बायबल कॉलेजात गेलेली नाही. अध्यात्मावर लिहायचा माझा अधिकार काय, असं कोणी विचारलं तर उत्तर नाही. पण प्रार्थना आणि बेडपॅन या दोन्ही गोष्टी माझ्या हातून आयुष्यभर रोज झालेल्या आहेत, आणि लेखक समजतात तशा त्या दोन वेगळ्या खोल्यांत राहत नाहीत, एवढं मला ठाऊक आहे.

मी १९७२ ला एका मिशन दवाखान्यात ट्रेनिंगला लागले. ते दुष्काळाचं साल. आमच्या वॉर्डाचं घड्याळ ठरलेलं असे. पाचला टेंपरेचर, सहाला स्पंजिंग, सातला प्रार्थना, साडेसातला हँडओव्हर. सात वाजले की आम्ही मुली पांढऱ्या टोप्या सारख्या करून वॉर्डाच्या मधोमध उभ्या राहायचो. एक गीत, एक उतारा, एक प्रार्थना. पेशंट ऐकत आहेत की कण्हत आहेत, याच्याशी आमचा संबंध नसे. प्रार्थनाही ठरलेली, ‘जगातील सर्व दुःखितांसाठी.’ दुःखित चार फुटांवर पडलेले, आणि आम्ही डोळे मिटून जगातले दुःखित शोधायचो.

एक दिवस खडी फोडण्याच्या कामावरून एका म्हाताऱ्याला आणून टाकलं होतं. जुलाबाने पार वाळून गेलेला, ओठ चिकटलेले. सलाइन चालू होतं, पण तोंडाला कोरड पडली होती. गीत सुरू झालं तसा तो हात हलवायला लागला. मी दुर्लक्ष केलं, कारण प्रार्थनेत हलायचं नाही अशी शिस्त होती. दुसरं कडवं संपताना तो स्पष्ट म्हणाला, “बाई, तुमचा देव लई चांगला हाय. पर आधी तांब्या द्या.”

कोणीतरी खुसकन हसलं. मेट्रन दारात उभ्या होत्या. त्या फार कडक बाई, आम्ही त्यांच्या चपलांच्या आवाजाला भ्यायचो. त्यांनी गीत मध्येच थांबवलं, स्वतः जाऊन चमच्याने त्याच्या तोंडात पाणी सोडलं आणि आम्हाला म्हणाल्या, चला, सगळ्यांना पाणी विचारा. त्या दिवशी प्रार्थना झालीच नाही.

दुसऱ्या दिवसापासून वेळ बदलली. आधी चहापाणी, मग साडेसातला प्रार्थना, आणि हँडओव्हर पंधरा मिनिटं पुढे. दुसरा बदल त्याहून मोठा होता. मेट्रन प्रत्येक खाटेजवळ जाऊन विचारायच्या, आज देवाला काय सांगू? पहिले काही दिवस लोक गप्प बसले. मग सांगायला लागले. पाऊस सांगा. बैल विकला तो कसायाकडं जाऊ नये असं सांगा. सुकडी पोरांना पुरत नाही, मुकादम माप मारतो. हे सगळं मेट्रन जसंच्या तसं मोठ्याने देवाला सांगायच्या, ‘मुकादम माप मारतो’ यासकट. त्या वाक्याला आम्ही मुलींनी आमेन म्हटलं आणि मग आमच्या लक्षात आलं, की आता नुसतं आमेन म्हणून भागणार नाही. दोन दिवसांनी दवाखान्याच्या डॉक्टरांनी तहसील कचेरीत जाऊन त्या मापाची तक्रार केली. तक्रारीचं काय झालं ते आम्हाला कळलं नाही, ट्रेनिंगच्या मुलींना कोण सांगतो. पण प्रार्थनेतून उठून माणूस कचेरीत गेला, हे मी पाहिलं.

आता लेखकांनी ‘मिशन’ हा शब्द ज्या अर्थाने वापरला आहे त्याबद्दल. आमच्या नगरमध्ये मिशन म्हणजे जागा. ‘ते मिशनात राहतात’, ‘मिशनच्या विहिरीजवळ’, ‘मिशन कंपाऊंड’. अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८३१ मध्ये नगरला आली, शाळा काढल्या. मिस फरार यांच्याकडे सावित्रीबाई फुले शिक्षिकेचं शिक्षण घेऊन गेल्या, हे आता शाळेतल्या मुलांनाही माहीत आहे. नंतर बंगले झाले, भिंती झाल्या, फाटक झालं. शब्दाचा मूळ अर्थ पाठवणं, आणि आमच्या तोंडी तो भिंतीला जाऊन चिकटला. पाठवायचं कोणाला आणि कुठे, हे विसरून आत कोण राहतं आणि भाडं कोण खातं, यावर आमच्या दोन पिढ्या भांडल्या. कोर्टाच्या तारखांना जाणाऱ्या पंचांना प्रार्थनासभेला यायला वेळ नसतो. लेखक म्हणतात सेवेने चर्चचा आत्मा हरवला. मी म्हणते, सातबाऱ्याने हरवला.

माझी आजी बायबलबाई होती. नव्या वाचकांना हा शब्द माहीत नसेल. खेड्यापाड्यांत पायी जाऊन बायकांमध्ये बसून पवित्र शास्त्र वाचून दाखवणारी, अक्षरं शिकवणारी, बाळंतिणीला चार गोष्टी सांगणारी बाई, ती बायबलबाई. पगार तुटपुंजा. आजीचे आईवडील छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० मध्ये, तिला काखेत घेऊन मिशनच्या दारात आले. पोटासाठी आले की देवासाठी, हा प्रश्न आमच्यावर बाहेरची माणसं टाकतात. घरात हा प्रश्न कधी निघाला नाही. आजी म्हणायची, भाकरी मागितली, भाकरी मिळाली, आणि भाकरी देणाऱ्या बाईने आमच्या आईच्या हातचं पाणी पिऊन दाखवलं. गावात तिच्या हातचं पाणी कोणी घेत नव्हतं. आजीच्या मते तिच्या आईचा बाप्तिस्मा त्या पाण्यानेच झाला, देवळातला नंतर.

आजी खेड्यात गेली की पहिल्यांदा बोलायची नाही. जात्यावर बसायची. दुसऱ्या बाईचं दळण ओढायला मदत करायची आणि ओढता ओढता गायची. प्रवचन कोणी ऐकत नाही, ओवीला सगळे थांबतात, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. खेड्यांनी शिकवलं. हे शहाणपण तिच्याही आधीपासूनचं आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात बसून सुमारे ११ हजार ओव्यांत ख्रिस्तपुराण रचलं आणि ते १६१६ मध्ये राशोलला छापून निघालं. ज्यांच्यात राहायचं त्यांना पुराण ऐकायची सवय, म्हणून शुभवर्तमान पुराण झालं. आमच्या नगरला कृष्णा रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनं केली. पुढे नारायण वामन टिळक आले आणि त्यांनी आमच्या देवळांचा सूरच बदलला. त्यांच्याआधी आम्ही विलायती चालींत मराठी शब्द कोंबून गात होतो, आणि ‘येशू’चा ‘ये’ एवढा लांबायचा की ‘शू’ येईपर्यंत दम जायचा.

टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. पण मला त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त काय वाटतं, तर १९१७ मध्ये या माणसाने मिशनचा पगार सोडला. वय पंचावन्नच्या पुढे, घरात माणसं, आणि लक्ष्मीबाईंचा संसार म्हणजे आल्यागेल्या अनाथ पोरांसकट. पगार सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही तिथे ख्रिस्ताचा शिष्य म्हणून बसता यावं, असा त्यांचा बेत. कंपाऊंडाची भिंत आतून पाडायचा तो प्रयत्न होता. दोन वर्षांत, मे १९१९ मध्ये, ते गेले. व्यवहारी माणसं म्हणतात, प्रयोग फसला. फसला असेल. पण तो माणूस तिथपर्यंत भजन करत करत पोचला, हे बघा. अभंग लिहिणाऱ्याला पुढे कधीतरी वारकऱ्यांच्या शेजारी बसावंच लागतं. पगारपत्रकावर सही करून दिंडी काढता येत नाही, हे त्याच्या अध्यात्मानेच त्याला सांगितलं असणार. म्हणजे आधी कामामुळे गाणं बदललं, मग गाण्यामुळे काम बदललं.

लेखकांनी मार्था आणि मरियेचा दाखला दिला आहे. मरिया प्रभूच्या पायाशी बसली, मार्था स्वयंपाकात धावत राहिली, आणि प्रभूने मरियेचं कौतुक केलं. हा उपदेश मी लहानपणापासून ऐकते आहे, आणि दर वेळी तो करणारे पाळकसाहेब उपासनेनंतर कोणाच्या तरी घरी मटणाचं जेवण जेवून जातात. ते असो. पण लूकच्या शुभवर्तमानात त्याच दहाव्या अध्यायात, बरोबर या गोष्टीच्या आधी, चांगल्या शोमरोनीची गोष्ट आहे. रस्त्यात पडलेल्या माणसाला ओलांडून देवळातली दोन माणसं पुढे निघून जातात आणि परका शोमरोनी थांबून मदत करतो ती. लूकने या दोन गोष्टी एकीला एक लावून ठेवल्या आहेत. एकच सुटी काढून फळ्यावर लिहिली की त्या अध्यायाची मोडतोड होते.

मला मार्काच्या पहिल्या अध्यायातली एक पहाट जास्त जवळची आहे. संध्याकाळी सूर्य मावळल्यावर कफर्णहूमचं सगळं गाव दाराशी आलेलं. आजारी, वेडेपिसे, सगळे. ड्यूटी केलेल्या माणसाला कळेल ती कसली संध्याकाळ असेल. दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारातच येशू उठून एकांतात प्रार्थनेला जातो. शिष्य शोधत येतात आणि म्हणतात, सगळे तुला शोधताहेत. कोणीही म्हणेल, आता तो परत दाराशी जाईल, रांग लागलेली आहे. तो म्हणतो, चला, जवळपासच्या दुसऱ्या गावांत जाऊ. मी हा उतारा अनेक वर्षं वाचला, पण रात्रपाळ्या संपल्यावर मला तो लागला. कालच्या यशाच्या दाराशी बसून राहायचं नाही, हे त्याला प्रार्थनेत कळलं. आणि जायचं कुठे, तर परत आजाऱ्यांतच. एकांत संपवून तो जपमाळ घेऊन डोंगरावर राहिला नाही.

केडगावचं उदाहरण लोक दोन्ही बाजूंनी अर्धं अर्धं सांगतात. दौंडहून पुण्याला जाताना लागतं ते केडगाव, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. प्रार्थनेची आवड असणारे सांगतात, की १९०५ मध्ये तिथे मुलींवर पवित्र आत्मा उतरला, शेकडो जणी रडत, ओरडून प्रार्थना करत होत्या, आणि त्याची बातमी जगभर गेली. समाजकार्याची आवड असणारे सांगतात, की १८९६-९७ च्या दुष्काळात बाईंनी मध्य प्रांतात जाऊन मुली आणल्या, त्यांना शेती, विणकाम, छपाई शिकवली, आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवलं. आवार एकच आणि मुलीही त्याच होत्या. ज्यांना उपाशी रस्त्यावरून उचलून आणलं, ज्यांच्याशी कोणी नीट बोललं नव्हतं, त्याच मुली आठ-दहा वर्षांनी देवाशी मोठ्याने बोलत होत्या. त्यांना आवाज फुटला होता. त्यांनी हळू प्रार्थना करावी अशी अपेक्षा मी तरी करणार नाही.

आणि रमाबाईंचं बायबल. संस्कृतात पंडिता झालेली बाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसली, कारण त्या वेळचं भाषांतर तिच्या आवारातल्या खेड्याच्या मुलींना कळत नव्हतं. सोपी, बोलती मराठी हवी होती. खिळे जुळवायला, छापायला त्याच बायका. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, आणि ५ एप्रिल १९२२ ला स्वतः बाई गेल्या. ते बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं. पवित्र शास्त्राची मराठी कशी असावी, हे ठरवलं दुष्काळातल्या पोरींनी. याला अध्यात्म म्हणायचं की सेवा, ते लेखकांनी सांगावं.

जामखेडचं सांगितल्याशिवाय नगरच्या नर्सचं पत्र पुरं होत नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे, दोघंही वेल्लोरच्या मेडिकल कॉलेजात शिकलेले, दोघंही श्रद्धाळू ख्रिस्ती. खेड्यातल्या गरिबांसाठी आयुष्य घालवायचं, असं त्यांनी लग्नाच्या वेळीच देवापुढे ठरवलं होतं. नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काम करताना त्यांच्या लक्षात आलं, की आपण ज्या पोराचे जुलाब आज थांबवतो ते महिन्याभराने परत येतं, कारण पाणी तेच. दवाखान्याच्या भिंतीत बसून हे थांबणार नाही. १९७० ला ते जामखेडला गेले. पुढचं जगाला माहीत आहे, १९७९ चं मॅगसेसे वगैरे. मला त्यातली हातपंपाची गोष्ट सगळ्यात आवडते. दुष्काळात बोअर घ्यायचे ठरले तेव्हा ते दलित वस्तीत घेतले गेले. सगळ्या गावाला पाण्यासाठी तिकडे जावं लागलं. जातिभेद पाळू नका असा उपदेश कोणी केला नाही, नुसती पंपाची जागा निवडली. आणि गावोगावच्या आरोग्यसेविका म्हणून निवडल्या त्या बहुतेक निरक्षर, त्यातल्या कितीतरी दलित बायका. ज्या बाईची सावली टाळायचे, तिच्या हातून बाळंतपण करून घ्यायला लागले. माझ्या आजीच्या आईच्या पाण्याची गोष्ट आठवली की मला वाटतं, हे नवं काही नव्हतं. पाण्याच्या तांब्याचा हातपंप झाला, एवढंच.

उलट बाजूही कबूल केली पाहिजे, नाहीतर पंच म्हणतील बाईने एकांगी लिहिलं. मीसुद्धा दहाएक वर्षं प्रार्थना सोडली होती. रागाने नाही, कंटाळ्याने. पगार होता, ड्यूटी होती, दोन पोरं होती. उपासनेला जायचे, पण आत काही नव्हतं. काम चोख चालू होतं, माझ्या हातात शीर कधी चुकली नाही. एका रात्री एक बाई मला म्हणाली, “सिस्टर, तुम्ही सुई टोचताना भिंतीकडं बघता.” मी विचार केला तर खरंच होतं. कधीपासून ते आठवेना. त्यानंतर मी ड्यूटीवर जाण्याआधी पाच मिनिटं ड्रेसिंग रूममध्ये कापसाच्या पेटाऱ्यावर बसायला लागले. शब्द फार नसायचे. नावं घ्यायचे, खाट नंबर चार, खाट नंबर नऊ. त्या पाच मिनिटांनी माझी मान भिंतीकडून पेशंटकडे वळली. म्हणून प्रार्थना नको, नुसती सेवा करा, असं म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. प्रार्थनेचं घर सोडलेली सेवा मी पाहिली आहे. ती रजिस्टरात नीट असते.

आता रिक्षा.

नोव्हेंबरात गाळप सुरू झालं, की राहुरीच्या बाजूला रस्त्याकडेने कोप्या, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपड्या, पडतात. पाथर्डी, बीडकडचे ऊसतोडीचे लोक. नवराबायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेऊन संपलेली, ती फेडायला पहाटे तीनला फडात. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या, आपल्या पेपरातही आल्या. पाळी आली तर खाडा पडतो म्हणून पिशवीच काढायची. तेव्हापासून माझ्या डोक्यात होतं. गेल्या वर्षी मी आणि मंडळीतल्या दोघी, एक निवृत्त अंगणवाडी सेविका आणि एक लेबर वॉर्डातली नर्स, शनिवारी दुपारी जायला लागलो. बरोबर बीपीचं मशीन, लोहाच्या गोळ्या, हिमोग्लोबिनच्या पट्ट्या, ओआरएस. पत्रकं नेत नाही. ज्या बाईचा दंड माझ्या पट्ट्यात आवळलेला आहे, तिला मी काही वाचायला दिलं तर नको म्हणायची सोय तिला राहत नाही. मुकादमाने पहिल्याच दिवशी विचारलं, धर्म बदलायला आलाय का? मी म्हटलं, तुमचंही बीपी बघते, बसा. त्याचं १७० होतं.

एक पोरगी, विशीतली, आठवा महिना, डोक्यावर मोळी घेऊन टायरगाडीच्या फळीवर चढत होती. फळी ओली. खाली उतरल्यावर तिचे पाय दाबले, तर बोट रुतून खड्डा राहिला. बीपी वाढलेलं. आजच दवाखान्यात चल म्हटलं, तर ती म्हणाली, उद्या रविवार हाय का? मी म्हटलं, हो. तर म्हणाली, “तुमच्या देवाला रविवार असतोय. आम्हाला नसतो.”

दुसऱ्या दिवशी देवळात बसले तेव्हा पाळकसाहेबांनी विसाव्याच्या दिवसाबद्दल उपकारस्तुती सुरू केली आणि माझ्या तोंडून शब्द निघेना. शब्बाथाची, म्हणजे विसाव्याच्या दिवसाची, आज्ञा लिहिली तेव्हा त्यात दास, दासी आणि बैल यांचीही नावं घातलेली आहेत. बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात बैल स्पष्ट आहे. मी ती आज्ञा संडे स्कूलमध्ये पाठ म्हणून दाखवून बक्षीस घेतलं होतं, आणि तिच्यातला बैल मला वयाच्या सत्तराव्या वर्षी कोपीवर दिसला. त्या पोरीला सोमवारी आम्ही सरकारी रुग्णालयात नेलं. बाळ लवकर झालं, पण दोघं नीट आहेत.

तेव्हापासून आमच्या मंडळीत मध्यस्थीच्या, म्हणजे दुसऱ्यांसाठी मागायच्या, प्रार्थनेत कोप्यांवरची नेमकी गाऱ्हाणी येतात. काहींना आवडत नाही. पंचांचं म्हणणं, उपासनेत हिमोग्लोबिन कशाला? त्यावरून कमिटीत दीड तास वाद झाला. साउंड सिस्टिम ४० हजारांची, माझी रिक्षा हंगामभराची साडेनऊ हजारांची. शेवटी सेकंडहँड स्पीकर घ्यायचे ठरले आणि रिक्षा मंजूर झाली. पंचांनी मिनिट्समध्ये ‘सुवार्ता प्रसार’ या सदराखाली रिक्षा टाकली. मला हसू आलं, पण सदर चुकीचं आहे असंही म्हणवेना.

मागच्या पंधरवड्यात एका कोपीवरच्या म्हातारीने माझा हात धरून विचारलं, तुम्ही रविवारी देवाला सगळ्यांचं सांगता म्हणं, मग आमच्या बैलाचं सांगता का? बैल चरत नव्हता, खांद्याला जखम होऊन त्यात किडे पडले होते. पशुवैद्याचा नंबर काढून दिला आणि चिठ्ठीवर लिहून घेतलं. रविवारी पाळकसाहेबांनी नव्याने घेतलेल्या स्पीकरवर वाचलं, “कोपीवरच्या आजारी बैलासाठी.” मागच्या बाकांवर पोरं फिसकन हसली. पुढच्या बाकावरच्या एका शेतकरी पंचाने मात्र डोळे मिटूनच मोठ्याने आमेन म्हटलं, आणि हे तेच, ज्यांना हिमोग्लोबिन चाललं नव्हतं.

या शनिवारी बैलाचं विचारायला गेले, तर कोप्या उठल्या होत्या. नुसत्या चुली आणि उसाचं वाढं पडलेलं. टोळी दुसऱ्या फडावर गेली म्हणतात. कुठे, ते मुकादमाला माहीत असेल. दोन दिवस त्याला फोन लावते आहे, उचलत नाही. बीपीच्या गोळ्या घेतो की नाही कोण जाणे.

आपली,
एक निवृत्त स्टाफ नर्स,
अहिल्यानगर

ता. क. पत्र लांबलं आहे, कापायचं असेल तर कापावं. मार्थाचा भाग कापला तरी चालेल, जामखेडचा ठेवावा. नाव छापू नये, पंच माझे चुलतदीर आहेत.